नसण्याची तयारी

मार्चअखेरची धावपळ संपते न संपते तोच मुंबईतल्या कित्येक ऑफिसांत दुपारच्या डब्याबरोबर एक निरोप येतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डबा येणार नाही, गावी जत्रा आहे. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातले डबेवाले चैत्रात आपापल्या गावदेवाच्या यात्रेला जातात आणि पाचसहा दिवस डब्यांची सगळी ये-जा थांबते. निरोपात गयावया नसते. ‘फारच अडलं तर फोन करा’ अशी पुस्तीही नसते. गिऱ्हाईक पाचसहा दिवस कँटीनवर नाहीतर वडापाववर भागवतं, थोडं कुरकुरतं, आणि जत्रा आटोपली की डबा पुन्हा जेवणाच्या सुट्टीआधी जागेवर हजर.

या धंद्याची सुरुवात महादू हावजी बच्चे यांच्या नावाशी जोडली जाते, ती १८९०च्या सुमाराची. डबेवाल्यांचा नेमकेपणा आजवर इतक्यांनी वाखाणलाय, व्यवस्थापनाच्या वर्गांतून तो इतका शिकवला जातो, की त्यात मी काय भर घालणार? मला अप्रूप आहे ते त्यांच्या रजेचं. ज्यांच्यावर रोज हजारो माणसांचं जेवण अवलंबून आहे ती माणसं वर्षातून एकदा बिनघोर निघून जातात. आणि ज्याच्या टेबलावर चार फायली असतात तो मात्र म्हणतो, ‘मला कुठली रजा घ्यायला जमतेय!’

ती रजा त्यांना जमते याचं एक कारण उघड आहे. ती सगळे मिळून घेतात आणि आधी सांगून घेतात. सगळंच बंद असलं की कुणा एकाचं काम दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. दुसरं कारण मात्र जत्रेच्या दिवसांत दिसत नाही, ते इतर दिवसांत दिसतं, जेव्हा कुणा एकालाच घरी राहायचं असतं. डब्याच्या झाकणावर रंगाने काही अक्षरं, काही आकडे काढलेले असतात. डबा कुठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा, हे त्या चारदोन खुणांत येतं. टोळीत एखाददुसरा माणूस जादा ठेवलेला असतो. कुणाची लाइन रिकामी पडली तर मुकादम स्वतः डबे उचलतो, कारण त्याला सगळ्यांच्या लाइनी ठाऊक असतात. रोजच्या माणसाला ती घरं, ते जिने, तो वॉचमन तोंडपाठ असतोच. पण त्याचे गुडघे दुखले म्हणून चर्चगेटचा कुणी उपाशी राहत नाही. पत्ता त्याच्या डोक्यात आहे तसा झाकणावरही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कामाचा पत्ता फक्त डोक्यात असतो. आणि त्याचा आपल्याला त्रास होण्याऐवजी बहुधा अभिमानच वाटतो. ‘साहेब नसले की काही हलत नाही’ हे वाक्य निरोपसमारंभात कौतुक म्हणून बोललं जातं. टाळ्याही पडतात. तीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपल्यामागे काही हलू नये अशी व्यवस्था उभी केली, असा त्याचा अर्थ होतो, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे रजेरजेतला फरक पाहायला हवा. दोन दिवसांची किरकोळ रजा घेतली तर काम आपली वाट पाहत बसतं. पत्रं साठतात, सह्या थांबतात, ‘ते सोमवारी येतील, तेव्हा बघू’ म्हणून माणसं परत जातात. आपण सोमवारी येतो, जादा बसतो, साठलेलं निपटतो. अशा रजेत काम दुसऱ्याच्या हातात जातच नाही, ते फक्त लांबतं. किरकोळ रजा कितीही वेळा घेतली तरी आपल्यावाचून काय अडतं याचा पत्ता लागत नाही. दहा-पंधरा दिवसांच्या रजेचं तसं नाही. तेवढे दिवस काम थांबू शकत नाही. कुणाला तरी ते उचलावं लागतं, आणि उचललं की ते कुठे जड आहे, कुठून निसटतं, कोणती किल्ली कुणाकडे आहे, हे बाहेर येतं. म्हणून माणसं किरकोळ रजा सहज टाकतात आणि मोठी रजा वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. कामाचा व्याप हे सांगायचं कारण. खरी धास्ती बहुधा वेगळीच असते, आणि तिला दोन तोंडं असतात: आपल्यावाचून सगळं कोसळलं तर काय, आणि काहीच कोसळलं नाही तर काय?

कायद्याने रजा दिली आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सरकारी नोकरीत वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे मिळतात. रजा रोखीकरणाची ती रक्कम मोठी असते. मुलीचं लग्न, घराचं उरलेलं कर्ज अशा गोष्टी तिच्यावर उरकतात. तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या ३०० दिवसांकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. नोकरीभरात जे दहा महिने कुणा दुसऱ्याच्या हाती काम देता आलं असतं आणि दिलं गेलं नाही, त्यांची ती बेरीज आहे. त्या दहा महिन्यांत त्या टेबलावर कुणी तरी तयार झालं असतं. ते झालं नाही, म्हणून निवृत्तीनंतर तीन महिने साहेबांना घरी फोन येत राहतात.

बँकांनी मात्र हा मामला भावनेवर सोडलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१च्या जुलैमध्ये बँकांना सांगितलं की ट्रेझरी, करन्सी चेस्ट यांसारख्या संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाच्या दिवसांची रजा सक्तीने द्यायची, आणि तीही त्यांना आधी न कळवता. त्या काळात त्यांनी कामाच्या जागी यायचं नाही, कामाच्या यंत्रणेला संगणकावरूनही हात लावायचा नाही. कार्यालयीन ई-मेल तेवढी चालते. हे कर्मचाऱ्याच्या विश्रांतीसाठी नाही, जोखीम आवरण्यासाठी आहे. घोटाळ्याला रोज पाणी घालावं लागतं. खोटी नोंद झाकायला दुसरी नोंद, ती झाकायला तिसरी. करणारा सलग दहा दिवस बाजूला झाला आणि त्याचं टेबल दुसऱ्याने चालवलं, की झाकलेलं वर येतं. फ्रान्सच्या सोसिएते जनरल बँकेत जेरोम केर्व्हिएल या ट्रेडरच्या व्यवहारांतून ४.९ अब्ज युरोंचं नुकसान २००८च्या जानेवारीत उघड झालं. आदल्या वर्षी त्याने जवळजवळ रजाच घेतलेली नव्हती. रजा न घेणाऱ्या ट्रेडरला आपलं व्यवहारांचं पुस्तक दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचं नसतं, ही गोष्ट वरिष्ठांना खटकायला हवी होती, अशा अर्थाचं चौकशीत तोच बोलून गेला.

म्हणजे ज्या हजेरीला आपण निष्ठा म्हणून बक्षीस देतो, तिच्याकडे बँक संशयाने पाहते. रजा न घेणारा प्रत्येक जण चोर असतो असं नाही, अर्थातच. पण प्रामाणिक माणसाच्या टेबलाखालीही बरंच काही झाकलेलं असतं. नियमात नसलेली पण वर्षानुवर्षं चालत आलेली सवय, एका ठेकेदाराचं बिल आधी काढायचं आणि दुसऱ्याचं नंतर, हे कधी तरी ठरून गेलेलं. एका रजिस्टरातली बेरीज जुळत नाही म्हणून दर महिन्याला पेन्सिलीने केलेली तडजोड. कुठल्या तक्रारीला उत्तर द्यायचं आणि कुठली आपोआप थंड होते याचा अंदाज. यात लबाडी नाही, पण हे कुठे लिहिलेलंही नाही. माणूस जागेवर असेपर्यंत ते चालून जातं. तो सलग पंधरा दिवस नसला की त्याच्या जागी बसलेला विचारतो, ‘हे असं का करतात?’ हा प्रश्न पडणं ही मोठ्या रजेची सगळ्यांत मोठी कमाई आहे. त्याला सरळ उत्तर असेल तर ते लिहून निघतं. नसेल तर ती रीत बदलते.

‘काही लागलं तर फोन कर’ हे आपलं निघतानाचं वाक्य हा प्रश्न पडूच देत नाही. ते बोलताना आपल्याला वाटतं, आपण मदत करतोय. प्रत्यक्षात समोरच्याला कळतं की निर्णय घ्यायचे नाहीत, घरी फोन लावायचा. मग तो लावतो. आपण कुठल्याशा धर्मशाळेच्या गॅलरीत उभे राहून पासवर्ड सांगतो, एका खर्चाला होकार देतो, ‘ती निळी फाइल बघ, खालच्या कप्प्यात’ असं समजावतो. बायको-मुलं चहाच्या टेबलावर वाट बघत असतात. दहा दिवस असे काढून आपण परततो ते ‘माझ्यावाचून यांचं पान हलत नाही’ हा समज पक्का करूनच. ते हलू नये याची तजवीज निघतानाच केलेली असते.

ऑफिसच्या मानाने घरातली रजा कठीण. घरातली बाई दहा दिवस बहिणीकडे किंवा यात्रेला निघते तेव्हा तिची तयारी चार दिवस आधी सुरू होते. चकल्या होतात, चटण्या होतात, भाज्या निवडून डब्यांत जातात. आणि फ्रीजच्या दारावर एक कागद लागतो. अर्धा लिटर गायीचं, अर्धा लिटर म्हशीचं. कार्ड दूधवाल्याकडे द्यायचं. कुकरला डाळीसाठी तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक. आजींच्या बीपीच्या गोळ्या सोमवार ते रविवार असे खण पाडलेल्या डबीत भरून ठेवल्यात, नाश्त्यानंतर एक. इस्त्रीवाल्याकडे अकरा कपडे गेलेत, मोजून घ्या. कढीपत्त्याला एक दिवसाआड पाणी. सिलिंडर संपला तर बुकिंगचा नंबर ओट्याखालच्या दाराला आतून चिकटवलाय.

हा कागद नीट वाचला तर कुठल्याही कार्यालयातल्या चार्ज रिपोर्टपेक्षा चोख असतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात काही तरी अडतंच. विरजण लावायला कुणी दही राखून ठेवलेलं नसतं. मुलाला शाळेत पांढरे मोजे हवे असतात आणि तो वार उद्याच असतो. आजींची गोळी घेऊन झालेली असते, पण त्या दोन दिवस नीट जेवत नाहीयेत, हे कुणी पाहिलेलं नसतं. कागदावर कामं असतात. कोणत्या कामाची वेळ आली आहे हे ओळखणं त्यावर नसतं. तूरडाळीचा डबा तळाला गेलाय, पावसाळ्याआधी रेनकोट काढून बघायला हवेत, शेजारच्यांकडे बारसं आहे तर काही न्यायला हवं, हे सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक चालू असतं. त्याला काम म्हणून कुणी मोजत नाही, म्हणून ते सोपवायचंही सुचत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. पण ओट्यापाशी किती वेळ गेला ते मिनिटांत सांगता येतं. बहिणीकडे पोचल्यावरही ‘उद्या वार कोणता’ हे मनात येतं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

कार्यालयातही नेमकं हेच सोपवायचं राहतं. आपण कामांची यादी देतो. लक्ष ठेवायची जबाबदारी आणि निर्णयाचा हक्क मात्र बरोबर घेऊन जातो. ‘सगळं कर, फक्त सही करण्याआधी मला विचार’ असं सांगून सोपवलेलं काम सोपवलेलं नसतंच. ज्याला चूक करायची मुभा नाही त्याच्या हातात काम दिलं असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे फक्त निरोप्याचं काम दिलेलं असतं.

वारकऱ्यांच्या सप्ताहात सोपवणं कसं होतं ते एकदा जागरणाच्या वेळी बघण्यासारखं असतं. सात दिवस अखंड हरिनाम चालतं आणि तेवढे दिवस वीणा खाली ठेवायची नसते. देवळातल्या फळ्यावर पहाऱ्यांची यादी खडूने लिहिलेली असते, कुणाचा पहारा किती ते किती. रात्री दोनच्या पहाऱ्याला एक शेतकरी डोळे चोळत येतो, हातपाय धुतलेले, टोपी नीट केलेली. आधीचा विणेकरी त्याला बघून थांबत नाही, बोटं तारेवर चालूच असतात. दोघं एकमेकांच्या पायांना हात लावतात. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ‘असं वाजव, तसं वाजव’ अशा सूचना होत नाहीत. नव्या माणसाचा आवाज निराळा, चाल थोडी संथ, तरी नाम तेच. आणि पहिला माणूस कोपऱ्यातल्या सतरंजीवर जाऊन घोरायला लागतो. आपल्यामागे वीणा बरोबर वाजतेय का, हे ऐकत तो पडून राहत नाही. मला यातलं ते झोपणं फार महत्त्वाचं वाटतं. पाया पडण्यातला नम्रपणा आपल्याला भावतो, पण खरा भरवसा त्या घोरण्यात आहे.

हीच माणसं आषाढीला पेरणी उरकून, नाहीतर पेरणी भावावर टाकून वारीला निघतात. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते, ती पंढरीला पोचून आषाढी होईपर्यंत तीन आठवडे सरतात. ऐन खरिपाचे तीन आठवडे. शेतकऱ्याला याहून अवघड वेळ नाही. मागे भाऊ असतो, भावजय असते, बांधाला बांध असलेला शेजारी असतो, आणि पुढच्या वर्षी तो गेला तर याने राहायचं हे बोललेलं असतं किंवा न बोलताच ठरलेलं असतं. एकाची मोकळीक दुसऱ्याच्या राहण्यावर उभी असते. त्याची परतफेड पैशाने होत नाही, पाळीने होते. घरात वर्षानुवर्षं एकच जण वारीला जात असेल आणि एकच जण मागे राहत असेल, तर ती भक्ती कितीही थोर असो, हिशेब कुठे तरी चुकलेला असतो.

म्हणूनच ‘रजा घ्या, जग थांबत नाही’ असा सल्ला सरसकट द्यायला मन धजत नाही. काहींचं जग खरोखर थांबतं. दोन म्हशी नि एक गाय ठेवून डेअरीला दूध घालणाऱ्याला दिवसातून दोनदा धार काढावी लागते, दिवाळी असो की घरात मयत असो. एखादं जनावर दुसऱ्याच्या हाताला दूधच देत नाही. अशा माणसाला मनाचा मोठेपणा शिकवून काय उपयोग? त्याला धार काढणारा दुसरा माणूस हवा. फिनलंडने ही गोष्ट व्यवस्थेचा भाग केली आहे. तिथे जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवस रजा मिळते आणि तेवढे दिवस गोठा सांभाळायला शिकलेला माणूस सरकारी खर्चाने येतो. आपल्याकडे दुधाचं संकलन, फॅटची तपासणी, पशुखाद्य, कृत्रिम रेतन इतकं सगळं सहकारातून उभं राहिलं. धार काढणाऱ्याची रजा मात्र कुणाच्या विषयपत्रिकेवर आली नाही.

आणि ज्यांच्या जागी दुसरा सहज मिळतो त्यांची पंचाईत उलटी. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार पाळीच्या वेळी फाटकाशी उभे असायचे. कायम कामगार शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात गावी गेला की त्याच्या जागी यांच्यातल्या कुणाला त्या दिवसाचं काम मिळायचं. कोकणात गेलेल्या एकाची रजा परळच्या चाळीतल्या दुसऱ्याची चूल पेटवायची. त्या व्यवस्थेत शोषण होतं, कामावर घेणाऱ्या जॉबरची मर्जी होती. पण तिने एक गोष्ट उघड्यावर मांडली होती: रजा आणि बदली ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. आज घरोघर धुणंभांडी करणाऱ्या मावशींना गावी जायचं झालं की ‘बदली देऊन जा’ असं सांगितलं जातं. बदली शोधायची त्यांनीच, आणि ती चांगली निघाली तर आपलं घर जाईल ही भीतीही त्यांचीच. वाईट निघाली तर बोलणीही त्यांनाच. वर खाडे कापले जातात. आपल्यावाचून अडत नाही हे कळणं कायम नोकरीवाल्याला अहंकार सोडायला लावतं. मावशींच्या बाबतीत ते पोटावर येतं. माणूस आपलं काम दुसऱ्याला मोकळ्या मनाने शिकवील ते कधी? परतल्यावर आपली जागा शाबूत असेल याची त्याला खात्री असेल तेव्हाच. ती खात्री देणं हे जाणाऱ्याच्या हातात नसतं, ठेवून घेणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून कुठल्याही घरात किंवा कचेरीत कुणी काम लपवून, कवटाळून बसलेलं दिसलं, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी विचारून बघावं, की याला कसली भीती घातली आहे?

परत येणं हाही रजेचाच भाग, आणि त्याची तयारी फार कमी जण करतात. पंधरा दिवसांनी आपण खुर्चीवर बसतो तेव्हा टेबलाची मांडणी बदललेली असते. एक तक्ता निराळ्या पद्धतीने भरलेला असतो. ज्या पत्राला आपण चार परिच्छेद लिहिले असते ते दोन ओळींत गेलेलं असतं, आणि त्यातून काही बिघडलेलं नसतं. या वेळी हात फार शिवशिवतात. तक्ता पूर्ववत करावा, पत्र पुन्हा पाठवावं, ‘मी असतो तर’ असं म्हणावं. पहिल्याच सकाळी आपण तसं केलं तर पुढच्या रजेत कुणीही काही ठरवणार नाही. सगळं जसंच्या तसं झाकून आपल्यासाठी ठेवतील. आठवडाभर काहीच न बदलता, बदललेल्या पद्धतीने काम करून पाहावं. त्यातलं एखादं खरंच चुकलेलं असेल, ते कळेल. बरंचसं फक्त वेगळं असेल. घरी आलेल्या बाईलाही हे लागू, आणि ते तिला जास्त जड. मिसळणाचा डबा दुसऱ्या फळीवर गेलेला असतो, वरणाला फोडणी मोहरीऐवजी जिऱ्याची पडू लागलेली असते. ती फोडणी खपवून घेतली तर त्या घरात पुढच्या वर्षी तिला पुन्हा जाता येईल.

रजेच्या छापील अर्जात सहसा कारण विचारलेलं असतं, मुदत विचारलेली असते, आधीची किती रजा शिल्लक आहे ते विचारलेलं असतं, रजेच्या काळातला पत्ताही मागितलेला असतो. अलीकडे त्यात मोबाइल नंबरचा रकाना वाढलाय. म्हणजे माणूस कुठे सापडेल याची काळजी सगळी घेतलेली असते. त्याच्या जागी निर्णय कोण घेणार आहे आणि तो घेतल्यावर आपण मान्य करू का, हे मात्र फारसं विचारलं जात नाही. निदान आपल्यापुरता हा रकाना आपण पाडून घ्यावा. तिथे एक नाव लिहावं, त्या माणसाला समोर बसवून ते वाचून दाखवावं, आणि त्याला ते मान्य आहे का ते विचारावं. तो आढेवेढे घेत असेल तर का, ते ऐकून घ्यावं. किती दिवसांची रजा मागायची, हे त्यानंतर ठरवावं.